तुम्ही विचारलंत म्हणून: मेंदूच्या फोटोत मन दिसतं का?

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी कोणी आलं की चहाच्या आधी पिशवी बाहेर निघते. मोठी, चपटी, आत एमआरआयच्या काळ्या फिल्म. "तू मेंदूच्या फोटोंवरच काम करतेस ना? बघ बरं, ह्यांच्या मनात काय चाललंय ते." मग फिल्म खिडकीच्या उजेडात धरली जाते, बहुतेक वेळा उलटी.

मी डॉक्टर नाही, स्कॅनमधून निघालेल्या आकड्यांवर काम करते. हे कोणी ऐकून घेत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

हॉस्पिटलात काढतात तो साधा एमआरआय म्हणजे वाड्याचा नकाशा. भिंत कुठे खचली, कुठे ओल आली, नको ते काही वाढलंय का, एवढं त्यात दिसतं. वाड्यातली भांडणं दिसत नाहीत.

तुम्ही मोबाइलवर पाहता ते लाल-पिवळे ठिपके फंक्शनल एमआरआयचे. जपानी शास्त्रज्ञ सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं की प्राणवायू असलेलं रक्त आणि तो देऊन झालेलं रक्त चुंबकाजवळ वेगवेगळं वागतं. मेंदूच्या ज्या भागाला काम पडतं तिकडे जास्त रक्त धावतं, आणि यंत्र टिपतं ते हेच. तेही उशिरानं, कारण विचार येऊन गेल्यावर रक्ताची लाट चार-सहा सेकंदांनी वर चढते. आमच्या सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सोन्याच्या बाजारात, किती गर्दी होती हे सकाळी दोने (पानांचे द्रोण) मोजून सांगावं, तसला प्रकार. गर्दीचा अंदाज येईल, पण कोण कुणाशी काय बोललं ते दोन्यांवरून कसं कळणार? शिवाय चित्रातल्या एकेका बारीक चौकोनात लाखो पेशी असतात, आणि रंग आम्हीच कॉम्प्युटरवर भरतो.

सराफ्यावरून आठवलं. तिथे सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांवर गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा म्हणजे मक्याचा कीस सुरू होतो, तसे मेंदूचे काही भाग आपण काहीच करत नसताना जास्त जागे असतात. अमेरिकेतले मेंदूतज्ज्ञ मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याला 'डिफॉल्ट मोड' म्हटलं. जुन्या आठवणी, उद्याची काळजी, 'तो मला असं का बोलला', हे सगळं त्या पाळीत चालतं. वय वाढतं तशी ह्या भागांची आपसातली लय सैल होते, अल्झायमरमध्ये आणखी. मला स्वतःला ह्या सगळ्यात हाच विषय सगळ्यात आवडतो.

फसगतही होते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि ह्यांच्या मनात कोणती भावना आहे असं चक्क विचारलं. माशाच्या मेंदूत ठिपका उजळला! हजारो चौकोन एकदम तपासले की दोन-चार निव्वळ योगायोगानं उजळतातच, आणि हिशेबात त्या योगायोगाची दुरुस्ती न करता छापलं तर काय होईल, हेच त्यांना दाखवायचं होतं.

आता आत्याची गोष्ट. तिची परवानगी आहे, "नाव घालू नकोस" एवढीच अट.

आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची, निवृत्त शिक्षिका. काका गेल्यावर ती गप्प झाली. भाजीत मीठ दोनदा पडू लागलं, माणसांची नावं आठवेनात. घरच्यांनी स्कॅन करून आणला. रिपोर्टमध्ये होतं, वयानुसार 'सेरेब्रल अ‍ॅट्रोफी'. आत्यानं कपाटातला जुना शब्दकोश काढला, त्यात निघालं 'क्षय'. रात्री साडेदहाला मला फोन. "अगं, मला डोक्यात टीबी झालाय का?"

साठीनंतर मेंदू दरवर्षी थोडा थोडा आक्रसतोच. रिपोर्टमधली ती ओळ म्हणजे केस पिकल्याची नोंद. पेट (PET) नावाच्या वेगळ्या स्कॅनमध्ये अल्झायमरशी जोडलेल्या प्रथिनाचे साठे दिसले तरी हिशेबाला चोख, अशी म्हातारी माणसंही असतात. हे ऐकून तिला बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तिनं जे विचारलं त्याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. "बाकी सगळं नॉर्मल लिहिलंय. मग मी काय नाटक करते?"

डिप्रेशन असलेल्या हजारो माणसांचे स्कॅन एकत्र केले तर आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस सरासरीनं किंचित लहान निघतो. पण इतका किंचित की एकट्या आत्याच्या फिल्मवरून ती दुःखी की सुखी हे कोणी सांगू शकत नाही. असे बारीक फरक खात्रीनं पकडायला हजारो माणसं लागतात, हे २०२२ मध्ये एका मोठ्या अभ्यासानं आमच्याच क्षेत्राला सुनावलं. तोवर आम्ही वीस-पंचवीस जणांवर निष्कर्ष काढत होतो, आणि त्यात मीही आले. मनाच्या आजारात डॉक्टर स्कॅन काढायला सांगतात ते बहुतेक वेळा गाठ, रक्तस्राव असलं दुसरं काही नाही ना, हे पाहायला. 'नॉर्मल' म्हणजे ते दुसरं काही नाही, इतकंच. दुःख खोटं आहे असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तिच्याशी पाऊण तास बोलून निदान केलं. उतारवयात डिप्रेशनही विसरभोळेपणाचं सोंग घेऊन येतं. त्यांनी तीन शब्द लक्षात ठेवायला दिले होते, थोड्या वेळानं विचारले तर आत्याला दोनच आठवले. गोळ्या सुरू झाल्या, संध्याकाळी नारायण बागेपर्यंत चालणं सुरू झालं. तीन महिन्यांनी सकाळी पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरवताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "कंदील. तिसरा शब्द कंदील होता."

फिल्मच्या पिशवीत ती आता रांगोळीचे कागद ठेवते.