मसाला चहाचा अर्क : अकराव्या खेपेपर्यंतच्या नोंदी

अकरावी खेप रविवारी सकाळी गाळून बाटलीत भरली. आज बुधवार, म्हणजे तिचा चौथा दिवस, आणि त्याच बाटलीतला कप समोर ठेवून या नोंदी लिहीत आहे. पहिल्या पाच खेपांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सहाव्या खेपेपासून मात्र काही गोष्टी पक्क्या होत गेल्या, आणि ज्यांना घरी असा अर्क करून ठेवायचा आहे त्यांचे दोन-तीन आठवडे व चहापत्तीचा एखादा पुडा तरी त्यामुळे वाचेल असे वाटते.

आमच्या घरी वडील पहाटे साडेपाचला पर्वतीवर फिरायला निघण्याआधी चहा घेतात, मला पावणेसातला घर सोडावे लागते आणि आईचा चहा पूजा आटोपल्यावर आठच्या सुमारास होतो. तीन वेळा आधण ठेवायचे, तीन वेळा आले कुटायचे आणि तीन वेळा गाळणी धुवायची, यापेक्षा आठवड्याचा अर्क एकदाच करून ठेवावा आणि दूध तापवून त्यात तो ओतला की कप तयार व्हावा, असे मनात होते. अट एकच होती, की तो कप ताज्या चहापुढे उणा वाटता कामा नये. निकाल द्यायचे काम आईकडे आहे, कारण तिला काही न सांगता दोन कप पुढे ठेवले तरी पहिल्याच घोटात ती ‘हा शिळा आहे’ किंवा ‘हा आत्ताचा आहे’ असे सांगते.

पहिल्या पाचही खेपांत मी नेहमीचाच चहा मोठ्या पातेल्यात करत होतो. पाणी, पत्ती, आले आणि मसाला एकत्र घालून अर्क दाट व्हावा म्हणून वीस-पंचवीस मिनिटे उकळत ठेवत असे. रंग काळाभोर येई, पण दुधात मिसळल्यावर लालसर छटा यायच्या ऐवजी मळकट तपकिरी रंग येई आणि घोट गिळल्यावर जीभ ओढल्यासारखी होई. आपल्याकडच्या बहुतेक घरांत वापरली जाते ती दाणेदार पत्ती सीटीसी पद्धतीची असते. पाने चुरडून, फाडून आणि वळवून दाणे करण्याचे हे यंत्र १९३० च्या सुमारास विल्यम मॅककर्चर यांनी आसामात तयार केले, आणि त्यात पानांच्या पेशी इतक्या फुटलेल्या असतात की दाणा गरम पाण्यात पडताच पहिल्या तीन-चार मिनिटांत रंग, कॅफीन आणि चव यांचा मोठा भाग पाण्यात उतरतो. त्यानंतर जे उतरत राहते त्यात तुरटपणाच अधिक असतो. चहा कडक करायचा तर पत्ती वाढवावी, वेळ वाढवू नये, हे मला पाच खेपा वाया घालवल्यावर उमगले.

मसाल्याचे याच्या अगदी उलट आहे. दालचिनीचा तुकडा, मिरी आणि आले यांना पाण्यात उतरायला सावकाश वेळ लागतो. म्हणजे एकाच पातेल्यातल्या दोन जिनसांची गरज परस्परविरुद्ध आहे. सहाव्या खेपेपासून मी दोन्हींची वेळ वेगळी केली आणि तिथून चव बदलली.

सध्याचे प्रमाण असे आहे. पाणी ७५० मिलिलिटर, ठेचलेले ताजे आले २५ ग्रॅम, बोटाच्या दोन पेरांएवढी दालचिनी, दहा मिरी भरडून, दोन लवंगा आणि सुंठेचा ठेचलेला छोटा तुकडा. उकळी फुटल्यावर आच मंद करून, झाकण थोडे तिरके ठेवून, हे पंधरा मिनिटे शिजू द्यायचे. गॅस बंद केल्यावर उकळीचे बुडबुडे पूर्ण बसले की ३० ग्रॅम पत्ती आणि सालीसकट नुकतेच ठेचलेले आठ वेलदोडे घालून घट्ट झाकण लावायचे, आणि घड्याळ लावून पाच मिनिटांनी गाळायचे. पत्ती बरेच पाणी पिऊन घेते आणि वाफेतही थोडे जाते, त्यामुळे हाती साधारण ५०० ते ५२० मिलिलिटर अर्क येतो. एका कपाला ६० मिलिलिटर अर्क आणि १०० मिलिलिटर गरम दूध असे धरले तर आठ कप होतात. पत्ती चमच्याने मोजू नये, कारण बारीक पत्तीचा चमचा आणि जाड दाण्याचा चमचा यांच्या वजनात बराच फरक पडतो. सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा मी घेतला आहे, आणि या छंदात मी केलेला सर्वांत उपयोगी खर्च तोच आहे.

गाळताना पत्ती दाबू नये. अमृततुल्याच्या दुकानात फडक्यातून चहा पिळून काढताना आपण सर्वांनी पाहिलेले आहे, पण तिथला चहा पुढच्या काही मिनिटांत संपणार असतो. अर्कात मात्र पिळून निघालेला बारीक गाळ आठवडाभर बाटलीच्या तळाशी बसून तुरटपणा सोडत राहतो. मी आधी स्टीलच्या गाळणीतून आणि मग दुहेरी मलमलीतून अर्क आपोआप निथळू देतो.

वेलदोड्याविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण सर्वांत जास्त खेपा त्याने घेतल्या. त्याचा सुगंध ज्या तेलांमुळे येतो ती फार लवकर उडून जाणारी असतात. सिनेओल हे त्यांतले एक, ज्यामुळे वेलदोड्याला तो किंचित थंडगार झणका असतो. वेलदोडा पंधरा मिनिटे उकळला की स्वयंपाकघरभर सुंदर वास दरवळतो, आणि त्या वेळी आपल्याला वाटते की अर्क छान होत आहे, पण जो वास घरभर पसरला तो बाटलीतून गेलेला असतो. सातव्या खेपेत मी निम्मे वेलदोडे मसाल्याबरोबर आणि निम्मे पत्तीबरोबर घातले. आठवीत सगळेच पत्तीबरोबर घातले, आणि फरक इतका स्पष्ट होता की दोन्ही बाटल्यांची झाकणे उघडूनच तो कळला. वेलचीपूड आणून वापरण्यात अर्थ नाही. खलबत्त्यात साल फुटून आतले काळे दाणे मोकळे होतील इतकेच ठेचावे, त्यांचे पीठ करू नये.

लवंगेने वेगळीच अडचण केली. पहिल्या दिवशी चार लवंगांचा अर्क अगदी योग्य लागायचा, पण चौथ्या दिवशी त्याच बाटलीतला कप दातांच्या डॉक्टरकडच्या वासाची आठवण करून द्यायचा. तो वास लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलचा, आणि दातांच्या औषधांतही युजेनॉलच असते. माझा अंदाज असा की लवंग वाढत नाही, वेलदोडा ओसरतो आणि मागे राहिलेली लवंग उघडी पडते. म्हणून आता दोनच लवंगा घालतो. पहिल्या दिवशी ती जेमतेम जाणवते, पण आज चौथ्या दिवशी तोल बरोबर साधला आहे. अर्काची चव पहिल्या दिवसासाठी न जुळवता मधल्या दिवसासाठी जुळवावी, असे माझे आता ठाम मत आहे.

नवव्या खेपेत आल्याने दगा दिला. शिजवलेल्या आल्याची चव थोडी गोडसर आणि मवाळ होते, आणि वडिलांना घशाला झोंबणारे ताजे आले हवे असते. म्हणून मी तयार, थंड झालेल्या अर्कात दोन चमचे ताज्या आल्याचा रस घातला. दुसऱ्या दिवशी पहाटे दूध तापवले, जरा निवू दिले, अर्क ओतला आणि दुधाचा जग भरण्यासाठी पाठ वळवली. परत पाहतो तर कपात पृष्ठभागावर खरवसासारखा मऊ थर धरला होता आणि चमचा लावताच तो फुटून खाली पाणी सुटले. दूध नासके असावे या समजुतीने ते ओतून दिले आणि नवी पिशवी फोडली, तरी तेच झाले. कारण नंतर लक्षात आले. कच्च्या आल्यात झिंगिबेन नावाचे विकर असते, ते दुधातली प्रथिने तोडते आणि ६० अंश सेल्सिअसच्या आसपास फार जोमाने काम करते. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात तर गरम दूध आल्याच्या रसावर ओतून मुद्दाम असे गोड दही लावतात. आले उकळले की हे विकर निकामी होते, म्हणून रोजच्या चहात आपल्याला त्याचा त्रास होत नाही. तेव्हा अर्कात आले जाईल ते उकळीतूनच जाईल. तिखटपणा वाढवण्यासाठी दहाव्या खेपेपासून मी सुंठेचा छोटा तुकडा ठेचून घालतो. आले वाळताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचे शोगाओल होते आणि ते अधिक झोंबते. सुंठपूड नको, ती मलमलीतूनही उतरते आणि तळाशी चिखल करते. दालचिनीची पूडही याच कारणाने टाळावी, शिवाय तिने अर्काला बुळबुळीतपणा येतो.

नव्याने करणाऱ्यांनी एका गोष्टीला घाबरू नये. गाळताना लालबुंद आणि पारदर्शक दिसणारा अर्क रात्रभर फ्रीजमध्ये राहिला की गढूळ, मातकट दिसू लागतो. तिसऱ्या खेपेची पूर्ण बाटली मी अर्क बिघडला असे समजून ओतून दिली, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. चहातली थिआफ्लेविनसारखी रंगद्रव्ये आणि कॅफीन थंडीत एकमेकांना धरतात आणि त्यांचा बारीक गाळ तरंगू लागतो, एवढेच त्यात असते. थोडा अर्क वाटीत घेऊन कोमट केला की तो पुन्हा स्वच्छ होतो. उलट असा गढूळपणा येणे हे अर्कात पुरेशी पत्ती असल्याचे लक्षण आहे. खरोखर बिघडलेला अर्क गरम करूनही स्वच्छ होत नाही, त्याला आंबूस वास येतो, झाकण उघडताना हवा सुटते किंवा वर तार धरते. यांपैकी काहीही दिसले तर चव न बघता तो टाकून द्यावा.

टिकवण्याबाबत मी कडक आहे. चहाचा सामू (पीएच, जो आंबट पदार्थांत कमी असतो) साधारण ५ च्या आसपास असतो, आणि बंद बाटली बाहेरच्या तापमानाला सुरक्षित राहण्यासाठी तो ४.६ पेक्षा कमी लागतो. त्यामुळे लोणच्यासारखा अर्क फडताळात ठेवण्याचा विचार कोणी करू नये, मग बाटली कितीही घट्ट बंद केलेली असो. थोडी साखर घातल्याने यात फरक पडत नाही. साखरेच्या जोरावर टिकायचे तर पाकाइतकी, म्हणजे वजनाने ६५ टक्क्यांच्या घरात साखर लागते, आणि तो मग अर्क न राहता सरबत होते. मी काचेच्या बाटल्या दहा मिनिटे पाण्यात उकळून घेतो, गरम अर्क भरतो, बाटली कोमट झाली की गार पाण्याच्या परातीत उभी करतो आणि तासाभरात फ्रीजमध्ये ठेवतो. सात दिवसांनी उरलेला अर्क झाडांना जातो. त्याहून जास्त टिकवायचा तर बर्फाच्या साच्यात गोठवावा. माझ्या साच्यातला एक खडा ३० मिलिलिटरचा आहे, म्हणजे कपाला दोन खडे. गोठवलेल्या अर्काचा वेलदोडा मात्र थोडा मंदावतो.

पाण्याने काय होते हे एप्रिलमध्ये कळले. एरवी आमच्याकडे खडकवासल्याचे पाणी येते. उन्हाळ्यात सोसायटीने टँकर मागवले तेव्हा तीच पत्ती, तेच वजन आणि तेच घड्याळ असूनही अर्क निस्तेज झाला आणि वर चकचकीत तवंग धरला. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे असा पापुद्रा येतो. त्या दोन आठवड्यांत मी गाळण यंत्राचे पाणी वापरले आणि तवंग गेला.

गवती चहाची गोष्ट माझ्यासाठी थोडी हळहळीची आहे. गच्चीतल्या कुंडीत तो पावसाळ्यात भरघोस येतो आणि अर्कात तो असावा अशी फार इच्छा होती, पण दुसऱ्याच दिवशी त्याचा लिंबासारखा टवटवीतपणा जाऊन सुक्या गवताचा वास येऊ लागतो. तीन वेळा प्रयत्न करून तो अर्कातून काढला. आता दूध तापवतानाच दोन पाती गाठ मारून त्यात टाकतो.

दुधावरही अर्धे यश अवलंबून आहे. अमृततुल्यात पितळी पातेल्यात दूध आणि चहा एकत्र उकळून जी आटीव गोडी येते ती अर्काने येणार नाही, हे मान्य करायला हवे. मी दूध दोनदा वर येऊ देतो, पळीने हलवत राहतो आणि मगच अर्क ओततो. अर्क घातल्यावर पुन्हा उकळत नाही. गूळ घालणाऱ्यांना याचा आणखी एक फायदा आहे. गुळासकट दूध उकळले की ते फाटते, हा अनुभव अनेकांना असेल. गूळ गरम अर्कात विरघळवून ठेवला आणि दूध आचेवरून उतरवून मिसळले, तर माझ्याकडे अजून एकदाही फाटलेले नाही. दहाव्या खेपेच्या एका बाटलीत मी ५० ग्रॅम गूळ घातला होता, ती वडिलांनी चार दिवसांत संपवली.

आईसमोर आज सकाळी पुन्हा दोन कप ठेवले, एक ताजा आणि एक अकराव्या खेपेचा. तिने दोन्ही घोटभर घेतले, थोडा वेळ थांबली आणि ताज्या चहाच्या कपाकडे बोट दाखवून ‘यात आले कमी पडले आहे’ एवढेच म्हणाली. कोणता शिळा हे सांगितले नाही. बाराव्या खेपेत पत्तीचे दोन भाग करणार आहे, २० ग्रॅम दाणेदार आणि १० ग्रॅम आसामची लांब पानाची, दुसरीला सात मिनिटे आणि पहिलीला शेवटची चार. बाकी सर्व प्रमाण तेच ठेवणार आहे. पुढच्या रविवारी गाळल्यावर नोंद करीन.