फोटोतलं लोकेशन किती खरं?

पीक पाहणी असो की रस्त्याच्या कामाचं बिल, फोटोवर लोकेशन आलं की पुरावा झाला असं धरलं जातं. फाइलच्या एक्झिफ भागात, म्हणजे फोटोसोबत लपून साठवलेल्या माहितीत, अक्षांश-रेखांश असतात हे खरं. पण त्या घटकेला आपण कुठे आहोत असं फोनला वाटत होतं, एवढंच ते सांगतात.

बटण दाबल्यावर फोन दरवेळी नव्याने उपग्रह शोधत बसत नाही. हाताशी असलेलं शेवटचं लोकेशन तो चिकटवून टाकू शकतो. म्हणून घाटातल्या बोगद्यातून बाहेर पडल्या पडल्या काढलेल्या फोटोवर कधीकधी मागच्याच गावाचे आकडे येतात. हे पकडता येतं. एक्झिफटूल या ती माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा आणि फोटो काढल्याची वेळ व जीपीएसची वेळ शेजारी शेजारी ठेवा. जीपीएसची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात 5 तास 30 मिनिटं मिळवा. फोटो सकाळी 7:40 चा आणि जीपीएस 02:10 असेल तर जुळलं. 01:52 असेल तर लोकेशन 18 मिनिटं शिळं आहे. ताशी 50 किमीने धावणाऱ्या एसटीत तेवढ्यात 15 किमी मागे पडतात. पहाटे साडेपाचच्या आधीच्या फोटोत जीपीएसची तारीख आदल्या दिवसाची दिसते, ती चूक नव्हे. उलट काही ॲप तिथे फोटोचीच वेळ लिहून मोकळी होतात, त्यामुळे फरक शून्य आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

दशांशानंतरच्या आकड्यांनी भुलू नका. सहावा आकडा म्हणजे सुमारे 11 सेंटीमीटर, आणि फोनची अचूकता मोकळ्या आभाळाखालीसुद्धा साधारण 5 मीटर. बांधाजवळ उभं राहिलात तर फोटो सहज शेजारच्या गटात जातो. घरात फोन वायफायवरूनही जागा ठरवतो. राउटर नव्या घरी नेला तर काही काळ जुना पत्ता येऊ शकतो.

पूर्व-पश्चिम सांगणारं अक्षर वेगळ्या रकान्यात असतं. एखाद्या सॉफ्टवेअरने तिथे पूर्वेऐवजी पश्चिम लिहिलं की पुण्याचा 18.52, 73.86 हा बिंदू थेट हैतीत जाऊन पडतो. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: आकडे कॅमेऱ्याच्या जागेचे असतात. पर्वतीवरून झूम करून टिपलेल्या सिंहगडाच्या फोटोवर पर्वतीच येणार.

फोटोच्या खालच्या पट्टीत छापलेला पत्ता ही आणखी वेगळी गोष्ट. ती चित्राचाच भाग असते, आणि काही ॲपमध्ये जागा हाताने बदलता येते. एक्झिफमधले आकडेही एका आज्ञेत बदलतात.

म्हणून तपासायचं असेल तर मूळ फाइलच मागा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तर एक्झिफ गळून पडतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. सोबत त्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन फोटोही घ्या. एकट्या फोटोत लपलेली उडी ओळीने पाच फोटो नकाशावर टाकले की लगेच दिसते.