अर्ज भरून देणारी बाई निवडणुकीला उभी राहते तेव्हा

मी सिएटलमध्ये स्थलांतरितांच्या एका संस्थेत, वकिलांच्या देखरेखीखाली, नागरिकत्वाचे अर्ज भरून द्यायला बसते हे कळले की भारतातून आलेले पाहुणे आणि इथे नव्याने आलेल्या मुली एक प्रश्न हमखास विचारतात: "तुमच्याकडच्या प्रमिला जयपाल अशाच कामातून थेट अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, कशा पोहोचल्या?" तुम्हीही तो विचारलात, म्हणून या वेळी सवडीने लिहिते. त्यातला 'थेट' हा शब्द मात्र मला खटकतो.

चेन्नईत जन्मलेल्या आणि इंडोनेशिया व सिंगापूरमध्ये वाढलेल्या जयपाल १९८२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, शिकण्यासाठी एकट्या अमेरिकेत आल्या. त्या नागरिक झाल्या २००० मध्ये. मधल्या काळात त्या अभ्यासवृत्तीवर भारतात असताना त्यांचे मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मले, ठरलेल्या मुदतीत परतणे जमले नाही, आणि कायम रहिवासाची जुनी वर्षे बाद होऊन नागरिकत्वासाठीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. माझ्या टेबलापाशी येणाऱ्यांना ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही. गेल्या पाच वर्षांतल्या परदेशवाऱ्यांच्या तारखा अर्जात भरताना, आईच्या आजारपणात लांबलेला मुक्काम आठवून कितीतरी जणांचा हात थबकलेला मी पाहिला आहे.

नागरिक झाल्यावरही वाट पाहणे संपत नाही. काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधिगृहासाठी किमान ७ वर्षांचे आणि सेनेटसाठी ९ वर्षांचे नागरिकत्व हवे, असे राज्यघटनाच सांगते. अध्यक्षपद तर आमच्यासारख्यांना कायमचे बंद आहे. काँग्रेसमध्ये निवडून गेलेले पहिले भारतीय, दलीपसिंग सौंद, १९४९ मध्ये नागरिक झाले, कारण भारतीयांना ते होण्याची मुभाच १९४६ च्या कायद्याने मिळाली होती. १९५० मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या एका गावी न्यायाधीशपदाची निवडणूक जिंकले, पण नागरिकत्वाला वर्ष भरले नव्हते म्हणून ते पद त्यांना नाकारले गेले. १९५६ मध्ये तेच सौंद काँग्रेसवर निवडून आले.

जयपाल यांच्या कामाला सुरुवात झाली ती ११ सप्टेंबर २००१ नंतर. मुस्लिम, अरब आणि दक्षिण आशियाई लोकांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा त्यांनी 'हेट फ्री झोन' ही संस्था काढली. पुढे तिचेच नाव 'वनअमेरिका' झाले. सोमाली लोकांच्या हद्दपारीविरुद्ध या संस्थेने सरकारवर खटला भरला आणि नव्या नागरिकांची मतदार म्हणून नोंदणी केली, तीही वीस हजारांहून अधिक जणांची. राजकारणाशी या कामाचा खरा सांधा मला या नोंदणीत दिसतो. ज्या माणसाला मतदार यादीपर्यंत आपण हाताला धरून नेले, त्याला कोणत्या कचेरीची भीती वाटते आणि घरात कागद कोण वाचून दाखवते, हे आपल्याला ठाऊक असते. भाड्याने आणलेल्या प्रचारकाला ते कळत नाही.

पण इथेच एक अडचणही आहे. करसवलत असलेल्या धर्मादाय संस्थेला मतदारांची नोंदणी करता येते, उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. "मग मत कोणाला देऊ?" असे एका आजींनी नागरिकत्वाच्या शपथविधीनंतर मला विचारले, तेव्हा हसून गप्प राहण्यापलीकडे मला काही करता आले नाही, आणि तो संकोच अजून गेलेला नाही. उमेदवार व्हायचे तर संस्थेची खुर्ची सोडावी लागते. जयपाल २०१२ मध्ये संस्थेच्या प्रमुखपदावरून बाजूला झाल्या, २०१४ मध्ये राज्याच्या सेनेटवर निवडून आल्या आणि २०१६ मध्ये काँग्रेसवर. सिएटल ज्यात आहे त्या वॉशिंग्टन राज्यात प्राथमिक फेरीतले पहिले दोघे, पक्ष कोणताही असो, अंतिम लढतीत जातात. त्या वर्षी जयपाल आणि त्यांचे प्रतिस्पर्धी हे दोघेही एकाच, डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. पक्षाच्या नावावर मत पडण्याची सोय राहिली नव्हती, आणि अशा लढतीत दारोदारची जुनी ओळख कामी येते असे माझे मत आहे. प्रतिनिधिगृहात गेलेल्या त्या पहिल्या भारतीय वंशाच्या महिला ठरल्या. संस्था काढली त्याला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती.

मराठी मंडळी इथे लगेच बेळगावचे उद्योजक श्री ठाणेदार ('श्री' हे त्यांचे नावच) यांचे नाव काढतात आणि खरे कारण पैसाच, असा निकाल देतात. मला तो पटत नाही. ठाणेदारांनी २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी स्वतःची मोठी रक्कम घातली, तरी पक्षांतर्गत फेरीतच ते हरले. काँग्रेसमध्ये ते पोहोचले २०२२ मध्ये, आणि त्याआधी त्यांनीही राज्याच्या सभागृहाची पायरी चढली होती.

मग तुमचा दुसरा प्रश्न येतो: तुम्ही का उभ्या राहत नाही? भारतात जन्मलेल्यांसाठीची ग्रीन कार्डाची, म्हणजे कायम रहिवासाच्या परवान्याची, रांग, प्रत्येक देशाला ठरवून दिलेल्या ७ टक्क्यांच्या मर्यादेमुळे, किती लांब असते हे तुम्ही ऐकलेच असेल. माझे कार्ड गेल्या वर्षी हातात पडले. नागरिकत्वासाठी त्यापुढे पाच वर्षे आणि प्रतिनिधिगृहासाठी त्यापुढे सात. मी आता ४७ वर्षांची आहे. उरलेला हिशेब तुम्हीच करा.