कापली की वाढणारी जखम

पायावर आलेले साधे करट फुटते, थोड्याच दिवसांत त्याचा खोल व्रण होतो, त्याची कड जांभळट आणि आतून पोखरलेली दिसते, आणि वेदना इतकी की रुग्ण पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून असा व्रण पाहताना मला पायोडर्मा गँग्रिनोसम या दुर्मीळ विकाराची शंका येते. घरच्यांचे निदान मात्र आधीच ठरलेले असते : जखम भरत नाही, म्हणजे साखर वाढली असणार.

१९३० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील ब्रन्स्टिंग, गोकरमन आणि ओ'लिअरी यांनी या विकाराचे पाच रुग्ण नोंदवले. त्यांतील चौघांना अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्यात दाह होऊन व्रण पडण्याचा आजार होता. मुळाशी जंतुसंसर्ग असावा, असा त्यांचा समज होता; प्रत्यक्षात रोगप्रतिकारयंत्रणा बिघडल्यामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतू नसतानाही त्वचेत गर्दी करतात. त्यामुळे केवळ प्रतिजैविके बदलून हा व्रण भरत नाही, आणि तो 'साफ' करण्यासाठी कड कापली तर बहुधा आणखी पसरतो. शस्त्रक्रियेच्या टाक्यांवरही तो उद्भवू शकतो.

जवळपास निम्म्या रुग्णांत आतड्याचा दाह, संधिवात किंवा रक्ताचा विकार आढळतो. म्हणून पायाची जखम दाखवायला आलेल्या माणसाला मी शौचाविषयी विचारते. रक्त पडत असूनही पुष्कळ जण ते सांगत नाहीत, कारण ती मूळव्याध आहे असे त्यांनी स्वतःच ठरवलेले असते.

निदान पक्के करणारी एकच एक तपासणी नाही. कडेचा तुकडा काढणे म्हणजे नवी जखम करणे, हे खरे. तरीही क्षयरोग, बुरशी किंवा कर्करोग नाही याची खात्री करण्यासाठी तो तपासावाच लागतो. आपल्याकडे तर क्षयाची शंका फिटल्याशिवाय प्रतिकारशक्ती दाबणारे स्टिरॉइड सुरू करण्यास मी धजावत नाही.

ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे दुसरे औषध यांची तुलना झाली. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत निम्म्याहून थोड्या कमी रुग्णांचे व्रण भरले होते. त्यामुळे निवड रुग्णाकडे पाहून होते : मधुमेह असेल तर स्टिरॉइडने साखर चढते, मूत्रपिंड नाजूक असेल तर सायक्लोस्पोरिन सोसत नाही, आणि आतड्याचाही दाह असेल तर इन्फ्लिक्सिमॅब या दाह रोखणाऱ्या औषधाचा उपयोग दोन्हीकडे होतो.