एवढं आलोय तर...

गेल्या शनिवारी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या माऊंट सेंट हेलेन्सच्या माथ्याच्या साडेतीनशे मीटर खालून आम्ही परत फिरलो. फिरायचं असं मी म्हणाले. माथा हुकल्याची रुखरुख आहेच, पण त्या एका शब्दानंतर जे घडलं नाही, ते चार दिवस डोक्यातून जात नाहीये.

18 मे 1980 ला हा ज्वालामुखी फुटला तेव्हा 57 माणसं गेली आणि डोंगर सुमारे 400 मीटरनं बुटका झाला. तरी 2,549 मीटर उरलाय, कळसूबाईहून नऊशे मीटर उंच. 1 एप्रिलपासून रोज किती जणांनी चढायचं यावर मर्यादा येते, म्हणून आम्ही चौघांनी मार्चअखेर गाठला. पहाटे चारला बॅटरीच्या उजेडात बीकन (बर्फाखाली गाडलं गेलेल्याला शोधायची यंत्रं) तपासले, फावडी मोजली, स्कीच्या तळाला स्किन्स चिकटवल्या. या केसाळ पट्ट्या पुढे सरकू देतात, मागे घसरू देत नाहीत.

नऊपर्यंत छान ऊन होतं. मग माथ्यावर भिंगाच्या आकाराचा, गुळगुळीत ढग येऊन बसला. समुद्राकडून येणारा दमट वारा शिखरावर आदळून वर चढला की असा ढग बनतो. लांबून तो हलत नाही, आत मात्र वारा सुसाट असतो. अर्ध्या तासात तो आमच्यापर्यंत उतरला. आभाळ पांढरं, बर्फ पांढरा. पुढे चढ आहे की उतार, तेही कळेना. हरिश्चंद्रगडावर धुक्यात मी वाट चुकलेय, पण तिथे पायाखालचा दगड तरी दिसतो. आणि इथे वर होता विवराचा कडा. वाऱ्यानं त्यावर बर्फाचा छज्जा तयार होतो, खाली नुसती पोकळी. 2010 मध्ये तो तुटून एक गिर्यारोहक विवरात पडला आणि दगावला.

मी म्हणाले, "मला परत जायचंय."

आमच्या गटाच्या प्रमुख बाई साठीच्या पुढच्या, हा डोंगर अनेकदा चढलेल्या. त्यांनी "का?" असं विचारलं नाही. "ठीक आहे, इथेच स्किन्स काढू या," एवढंच म्हणाल्या. चौघांपैकी एकानं नको म्हटलं की नको, कारण द्यायचं नाही, मागायचं नाही, हे त्यांनी पहाटेच सांगितलं होतं. तेव्हा मला तो नुसता शिष्टाचार वाटला होता. आमच्यातला एकजण माथ्याविना तिसऱ्यांदा परतत होता. तोही मुकाट्यानं वाकून पट्ट्या सोडवायला लागला.

मी "एवढं आलोय तर" ऐकत वाढले. एवढं आलोय तर सुळकाही करू, एवढं आलोय तर पावसाला काय घाबरायचं. कॉलेजात असताना एका अरुंद आडव्या वाटेवर एक मैत्रीण थांबली, तेव्हा तिला हे मीच म्हटलं होतं. ती थरथरत आली. काही झालं नाही, म्हणून आम्ही बरोबर होतो असं वाटत राहिलं. ती पुन्हा ट्रेकला आली नाही. का, ते मी तिला कधी विचारलं नाही.

पण सगळा दोष आपल्या माथी मारायलाही मन धजत नाही. सह्याद्रीत खाली वाडी असते, रात्री-अपरात्री कोणीतरी दार उघडतं. दरीत कोणी अडकलं तर आपली पोरं कामधंदा टाकून दोर घेऊन धावतात, एक पैसा न घेता. तो विश्वास पाठीशी असतो म्हणून आपण पुढे रेटतो. इथे खाली नुसतं जंगल. त्यात डोंगर शंकूसारखा, घळी छत्रीच्या काड्यांसारख्या पसरलेल्या. वर चार पावलं चुकली तर खाली भलत्याच खोऱ्यात. इथल्या लोकांना असं वागावंच लागतं, असं मी स्वतःला सांगतेय. ते पुरतं पटत नाही, पण खोटंही वाटत नाही.

उतरताना बाई पुढे होत्या, फोनवर नोंदलेल्या सकाळच्या वाटेवर नजर ठेवून. आम्ही मागे, एकमेकांना नजरेआड न होऊ देता. झाडीपर्यंत पोचलो तर बर्फ उन्हानं भुसभुशीत, स्कीखाली लोण्यासारखा. थांबलो, मागे वळून पाहिलं. माथा लख्ख! एक ढग नाही.

तिघंही बराच वेळ वर बघत होते. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मग ज्याचा माथा तिसऱ्यांदा हुकला होता त्यानं थर्मासमधला उरलेला चहा माझ्या कपात ओतला आणि मेमधला कुठला शनिवार मला जमेल, ते विचारलं.