दुसऱ्या आडनावाची चौकट

चवथीचा गणपती पोहोचवून चौथ्या दिवशी मी फोंड्याहून निघाले, आणि माद्रिदच्या विमानतळावरून बसने पश्चिमेकडे अडीच-तीन तास प्रवास करून सालामांकाला उतरले. निघण्यापूर्वी घरी आलेल्या प्रत्येक नातेवाइकाने एकच दिलासा दिला होता, की गोव्याच्या मुलीला स्पॅनिश जड जाणार नाही, कारण पोर्तुगीजांनी मागे ठेवलेले शेकडो शब्द आपण घरात रोज वापरतोच. मलाही ते पटले होते.

1218 साली स्थापन झालेले येथील विद्यापीठ आणि त्याभोवतीचे जुने शहर जवळच्या बियामायोरच्या वालुकाश्मात बांधलेले आहे. हा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, त्यामुळे त्यावर नाजूक कोरीव काम करता येते. पुढे तो वाळून कठीण होतो आणि त्यातील लोहामुळे सोनेरी दिसू लागतो. आपल्या जांभ्याच्या चिऱ्यांची गोष्ट काही वेगळी नाही, फक्त आपले लोह लाल रंगावर थांबते. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर एका कवटीवर बसलेला बेडूक कोरलेला आहे आणि तो कोणाच्या मदतीशिवाय सापडला तर परीक्षेत यश मिळते, असे विद्यार्थी मानतात. मला तो एका वर्गमैत्रिणीने बोट करून दाखवला, त्यामुळे माझे काय होणार ते उघडच आहे.

शब्दांनी मात्र पहिल्या दिवशी खरोखर साथ दिली. पावाला येथे ‘पान’ म्हणतात, बटाट्याला ‘पाताता’, चाव्यांना ‘यावेस’, आणि साबण म्हणजे ‘खाबोन’, ज्यातला ख आपल्याला शिकावा लागत नाही. दुकानातल्या बाईने पैसे कसे देणार हे विचारताना ‘पागार’ म्हटले, तेव्हा महिन्याच्या एक तारखेची आठवण होऊन मला हसू आवरेना. या विजयाच्या भरात रात्री जेवताना मी घरमालकिणीकडे पाणी मागितले आणि पेल्यासाठी आपला ‘कोप’ शब्द थोडा लांबवून ‘कोपा’ असा वापरला. त्यांनी पाणी दिले, पण दांड्याच्या वाइनग्लासात, आणि देताना डोळे मिचकावले. साधा पेला म्हणजे ‘बासो’. ‘कोपा घेणे’ म्हणजे मद्य घेणे. त्यानंतर मी जनेलीला, म्हणजे खिडकीला, ‘वेन्ताना’ आणि काजूला चक्क ‘आनाकार्दो’ म्हणायला शिकले, आणि नातेवाइकांचा दिलासा बाजूला ठेवला.

ज्याबद्दल कोणीच काही सांगितले नव्हते, ती गोष्ट मात्र अगदी घरची निघाली. दुपारी दोननंतर बरीच लहान दुकाने बंद होतात आणि पाचच्या सुमारास उघडतात. वर्गातील उत्तर युरोपातल्या मुलांना याचा फार त्रास होतो. म्हापसा आणि मडगावचे बाजार भर दुपारी झोपलेले पाहत वाढलेल्या मला त्यात तक्रार करण्यासारखे काही दिसत नाही. जड जाते ते रात्रीचे जेवण. शेजारच्या पोर्तुगालपेक्षा स्पेनचे घड्याळ एक तास पुढे आहे, आणि 1940 साली केलेला हा बदल आजही कायम असल्यामुळे देशाच्या पश्चिमेला सप्टेंबरमध्ये सूर्य साडेआठपर्यंत रेंगाळतो. आम्ही साडेनऊला ताटावर बसतो तेव्हा फोंड्यात रात्रीचा एक वाजलेला असतो. म्हणून आईला फोन करायचा तो दुपारच्या जेवणाच्या वेळी, तिकडे ती तुळशीपुढे दिवा लावून आत येते तेव्हा.

अशाच एका फोनवर मी तिला येथील आडनावांची पद्धत सांगितली. प्रत्येकाला दोन आडनावे असतात, रूढ क्रमाने पहिले वडिलांकडचे आणि दुसरे आईकडचे, आणि लग्नानंतर बाई आपली आडनावे बदलत नाही. युरोपीय संघाबाहेरून येऊन सहा महिन्यांहून अधिक राहणाऱ्या विद्यार्थ्याला ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी भरलेल्या एका कागदावर दुसऱ्या आडनावाची चौकट होती. रिकामी का सोडावी, असे वाटून मी तेथे आईचे माहेरचे आडनाव लिहिले. ऐकून आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मला ते अक्षरांसकट पुन्हा वाचायला लावले.

पुढच्या आठवड्यात कार्यालयातील कर्मचाऱ्याने पारपत्र आणि अर्ज शेजारी ठेवले. पारपत्रात माझे नाव, बाबांचे नाव आणि एकच आडनाव. आईचे कोठेच नाही. मुलीच्या नावात पुरुषाचे नाव कशाला, हेही त्यांना समजावून सांगावे लागले, आणि तेवढे माझे स्पॅनिश पुरले नाही. त्यांनी दुसऱ्या चौकटीतील आडनावावर सरळ रेघ मारली, नवा कागद दिला आणि ‘थिता प्रेविया’, म्हणजे आधी ठरवलेली भेटीची वेळ, पुन्हा घ्यायला सांगितली. ती अकरा दिवसांनंतरची मिळाली आहे. नव्या कागदावर ती चौकट मी रिकामी ठेवली आहे, आणि आईला हे अजून सांगितलेले नाही.