लेकॉक: एकाच मालकाचं गाव

इंग्लंडमधलं ‘जुनं खेडं’ बघायला निघालेली मंडळी बहुधा टूरच्या बसमध्ये बसतात, दिवसभरात चार गावांत अर्धा-पाऊण तास उतरतात आणि रात्री फोटो बघताना कुठलं गाव कुठलं यावरून वाद घालतात. त्यापेक्षा एकच गाव निवडावं आणि निवांत पाहावं. मामा-मामी नाशिकहून आले होते, त्यांना घेऊन आम्ही विल्टशरमधलं लेकॉक निवडलं.

लंडनच्या पॅडिंग्टनहून ब्रिस्टलकडे जाणाऱ्या गाडीने साधारण सव्वा तासात चिप्पेनहॅम येतं. बाथला मुक्काम असेल तर पंधरा मिनिटं पुरतात. तिथून गाव पाचेक किलोमीटर. बस आहे, पण रविवारी तिच्या भरवशावर राहू नका. तिघं-चौघं असाल तर टॅक्सी परवडते. स्वतःची गाडी असेल तर ती गावाबाहेर हिदर वेच्या पार्किंगमध्येच लावा. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं सभासदत्व असेल तर पार्किंग आणि इथल्या जुन्या मठाचा म्हणजे अ‍ॅबीचा प्रवेश दोन्ही फुकट. नुसतं गावात हिंडायला तिकीट लागत नाही.

गाव म्हणजे चार रस्त्यांचा एक चौकोन. भराभर चाललात तर वीस मिनिटांत संपेल, म्हणून भराभर चालू नका. लाकडी सांगाड्याची घरं, त्यांना लागून दगडी, मधूनच विटांची. दगडी कौलांच्या ओझ्याने छपरं मध्ये खचलेली. चर्च स्ट्रीटवरच्या एका घराची बाजू नक्की बघा. वाकडं खोड उभं चिरून त्याचे दोन भाग समोरासमोर टेकवायचे आणि त्यावर घर उभं करायचं, ही मध्ययुगीन पद्धत तिथे भिंतीबाहेर उघडी दिसते. जॉर्ज इन या पबमध्ये चुलाण्यापाशी एक लाकडी चाक आहे. मांस भाजायची सळई फिरवायला त्या चाकात कुत्रा पळवत. मामींनी ते बघून तोंड फिरवलं.

थोडं हिंडल्यावर लक्षात येतं, की इथे काय नाही. छपरांवर अँटेना नाहीत, डोक्यावर वायरींचं जाळं नाही, रस्त्याकडेला ‘गाडी लावू नका’ सांगणाऱ्या पिवळ्या रेघा नाहीत. हे आपोआप झालेलं नाही. जवळजवळ सगळं गाव नॅशनल ट्रस्टच्या मालकीचं आहे आणि लोक भाड्याने राहतात. त्याआधी ते शतकानुशतकं एका घराण्याचं होतं. “म्हणजे एक वाडा आणि बाकी सगळी कुळं,” मामा म्हणाले. अगदी तसंच. फक्त इथे कूळकायदा आला नाही.

मुळात १२३२ साली सॅलिसबरीची काउंटेस एला हिने इथे जोगिणींचा मठ स्थापला, आणि पुढे ती स्वतःच त्याची प्रमुख झाली. आसपासच्या मेंढ्यांच्या लोकरीवर आणि विणकामावर गाव पोसलं गेलं. आठव्या हेन्रीने इंग्लंडभरचे मठ मोडले, त्यात १५३९ साली हाही गेला. विल्यम शॅरिंग्टन या सरदाराने तो विकत घेतला, मठाचं चर्च पाडलं, पण ओवऱ्या तशाच ठेवून वर आपलं घर बांधलं. हा गृहस्थ ब्रिस्टलच्या टांकसाळीत हात मारताना पकडला गेला, तरीही सुटून पुन्हा इथेच येऊन राहिला! त्याच्या भाचीकडून… नव्हे, पुतणीकडून मालमत्ता टॅलबट घराण्यात आली. पुढे लोकरीचा धंदा बसला. १८४१ मध्ये रेल्वे आली तीही चिप्पेनहॅमला. गावात नवं बांधायला कुणाकडे पैसा उरला नाही आणि एकच जमीनदार असल्याने जुनं पाडायचीही घाई नव्हती. आज आपण ज्याला ‘जपणूक’ म्हणतो, तिची सुरुवात अशी हात आखडता घेण्यातून झाली असावी, असं मला वाटतं. १९४४ साली मटिल्डा टॅलबट यांनी अ‍ॅबी आणि गाव दोन्ही ट्रस्टला देऊन टाकलं.

बरेच लोक हॅरी पॉटरच्या चित्रीकरणाच्या ओवऱ्या बघायला येतात, तिथेच सेल्फी काढतात आणि परततात. तसं करू नका. वरच्या मजल्यावरच्या दक्षिण दालनात एक छोटी जाळीदार खिडकी आहे. मटिल्डाबाईंचे आजोबा विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये तिचं निगेटिव्ह तयार केलं. कॅमेऱ्यातून घेतलेलं, आज शिल्लक असलेलं हे सर्वांत जुनं निगेटिव्ह. आकाराने ते अगदी चिमुकलं. नवं होतं तेव्हा खिडकीच्या काचेचे जवळपास दोनशे तुकडे भिंगातून मोजता येत, असं त्यांनीच त्याच्यासोबत लिहून ठेवलंय. त्यांचे ते इवलेसे लाकडी कॅमेरे घरभर मांडलेले असत. पत्नी कॉन्स्टन्स त्यांना ‘उंदराचे सापळे’ म्हणायची. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती, ही कल्पना त्यांची. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी कॅमेरा घेऊन हिंडू लागले, त्यामागे या घरातले प्रयोगही आहेतच. मूळ निगेटिव्ह इथे नाही, पण फाटकाजवळचं फोटोग्राफीचं संग्रहालय चांगलं आहे आणि अ‍ॅबीच्याच तिकिटात बघता येतं. हिवाळ्यात वरची दालनं बंद असू शकतात. निघण्याआधी ट्रस्टच्या संकेतस्थळावर वेळा बघा. चित्रीकरण असेल तर काही भाग बंद असतो, तेही तिथेच कळतं.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही: स्कोन, साय, जॅम आणि चहा. बेकरीतला ताजा माल मात्र दुपारपर्यंत संपत येतो. दुपारी टूरच्या बस येतात, तेव्हा गावाचा बाजार होतो; म्हणून शक्यतो दहाच्या आत पोहोचा. खिडक्यांना नाक लावून आत बघू नका, तिथे माणसं जेवत असतात. पदपथ अरुंद आणि उंचसखल आहेत, बाबागाडी किंवा गुडघेदुखी असेल तर वेळ जास्त धरा. गावाच्या चर्चमागे ओढ्यावर जुना दगडी पूल आहे. पावसानंतर तिथे चिखल असतो, तेव्हा बूट घालूनच जा. आणि टॅक्सीने आला असाल तर परतीची गाडी उतरतानाच ठरवून ठेवा.